काशीकाकांची बाजू

आमच्या घरी गाडी आली तेव्हा ती नक्की कुठल्या देशाची यावरून चाळीत बरेच दिवस वाद चालला होता. कुणी जपानची म्हणे, कुणी चीनची. बाबा प्रत्येकाला न कंटाळता सांगत, "कोरियाची. बनते मात्र इथेच, मद्रासकडे." त्यावर समोरचा "म्हणजे जपानचीच की" म्हणून निघून जाई. शेवटी आईने शाळेतून आशियाचा नकाशा आणला. रोह्याजवळच्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ओट्यावर नकाशा पसरून तिने सगळ्यांना कोरिया दाखवला. तो इतकासा देश पाहून शेजारचे काशीकाका म्हणाले, "येवढ्याशा देशातून आली म्हणून येवढीशी हाय व्हय," आणि त्या दिवसापासून त्यांनी गाडीचं नाव डबा ठेवलं.

बाबा धाटावला एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते आणि काशीकाका त्यांच्याच शिफ्टला. रोह्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बैठी चाळ होती, त्यात आमच्या दोन खोल्या आणि भिंतीला भिंत लागून त्यांच्या दोन. काका पेणकडच्या खारेपाटातले, खाडीकाठचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. हिराकाकी गावाहून सोडे, सुकट, वाकट्या अशी सुकी मासळी आणायची आणि त्यांचा वास आमच्या घरात भिंतीवरून उतरायचा. रविवारी आमच्याकडे कडव्या वालाचं बिरडं झालं की वाटी तिकडे जाई, आणि ती कधी रिकामी परत आली नाही. पण या सगळ्या वासांच्या वर आणखी एक वास असे, तो बाबांच्या आणि काकांच्या कपड्यांचा. आंबट, घशात चरचरणारा. आई ते कपडे इतर कपड्यांत कधी मिसळायची नाही, मागच्या दगडावर वेगळे धुवायची. तरी उशीच्या अभ्र्यात तो वास राहायचाच. माझ्या लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येत असेल.

गाडी लहान, पण टप उंच. त्यामुळे बाबांसारख्या उंच माणसाचं डोकं वर लागत नसे, याचं त्यांना फार कौतुक. दार लावलं की हलका, पत्र्याच्या झाकणासारखा आवाज येई. पाच माणसं बसली की पोट खाली घासे, म्हणून मोठा गतिरोधक आला की बाबा मागच्यांना उतरवत, गाडी पलीकडे नेत आणि पुन्हा बसवून घेत. काका हसून म्हणत, "दादा, आपण गाडीत बसलोय का गाडी आपल्यात बसलीय?" भिसे खिंडीचा चढ लागला की एसी बंद करावा लागे. पण ती कधी रस्त्यात बंद पडली नाही, पावसात हट्टाला पेटली नाही, आणि आजूबाजूच्या बाळंतिणी, तापाने फणफणलेली पोरं, बारशाला निघालेल्या म्हाताऱ्या हे सगळं तिने निमूट वाहिलं. आज माझ्या दारात त्याच कंपनीची मोठी, मऊ आवाजाची गाडी उभी असते. काचा बोटाने खाली होतात. मी अजूनही दार लावताना त्या पत्र्याच्या आवाजाची वाट बघते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. भातं पोटरीला आली होती आणि पाऊस उघडल्यामुळे दुपारी उकाडा होता. बाबांची साप्ताहिक सुट्टी होती. वारा धाटावकडून असला की कंपन्यांचे भोंगे आमच्याकडे ऐकू येत. शिफ्टचा भोंगा एकच, लांबलचक. त्या दिवशी जेवण चालू असताना तो तुटक तुटक वाजला. बाबा हात तसाच खरकटा ठेवून ओट्यावर गेले आणि बराच वेळ उभे राहिले. आई म्हणाली, "हात तरी धुवा." ते म्हणाले, "आपलाच आहे."

दुपारनंतर कंपनीच्या बसने काशीकाकांना नाक्यावर सोडलं आणि ते चालत घरी आले. डोळे लाल झाले होते, एवढंच. काकी खाडीकाठच्या माहेरी गेली होती, भावजय बाळंत झाली होती म्हणून. काका कुलूप न काढता आमच्याच ओट्यावर बसले. बाबांनी विचारायच्या आधीच सांगायला लागले. पाइपाच्या जोडातून तांबूस धूर सुटला, वरचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय थांबेना. "बाकीची पोरं नवीन. मीच गेलो वर. बंद केला नि उतरलो."

"मास्क?" बाबांनी विचारलं.

"होता एक. त्यो लावून दुसरा आधी गेलेला."

"मग डॉक्टरकडे का नाही नेलं?"

"दोघं भाजले, त्यांना नेलं ना गाडीतून. मला काय झालंय? डोळे धुतले, दूध पाजलं, म्हणाले घरी जा नि झोप." आईने केलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला. मला म्हणाले, "ज्योते, तुझ्या काकीला सांगू नको गो. उगाच पोराला टाकून धावत येईल."

ऊन उतरायला लागलं तसा त्यांना खोकला सुरू झाला. साधा खोकला नव्हता तो. प्रत्येक वेळी आत काहीतरी खळखळल्यासारखा आवाज येई. ते पडून बघत आणि लगेच उठून बसत, कारण पडलं की श्वास मिळेना. बाबांनी त्यांना रोह्यातल्या डॉक्टरांकडे नेलं, मी बरोबर होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. मग बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "यांच्या छातीत पाणी भरतंय. वायूने असं होतं, आधी काही वाटत नाही. रुग्णवाहिका मघाशीच त्या दोघांना घेऊन मुंबईला गेली. तिची वाट बघू नका. पनवेल गाठा." त्यांनी एक सुई टोचली, दुसरं त्यांच्या हाती काही नव्हतं. आई काकीच्या माहेरी निरोप पोचवायला टेलिफोनच्या दुकानाकडे धावली. काकांना एकट्याने मागे बसवत नव्हतं, म्हणून मी त्यांच्याजवळ बसले.

त्या प्रवासाबद्दल मी आजवर फार कमी बोलले आहे. सुरुवातीला काका बोलत होते. "दादा, सावकाश. डबा फुटंल," असं एकदा म्हणाले. भिसे खिंडीत बाबांनी एसी बंद केला आणि सगळ्या काचा खाली करायला सांगितल्या. मी हँडल फिरवून माझ्या बाजूची केली, मग वाकून काकांच्या बाजूची केली. खिंड उतरेपर्यंत त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. मी ओढणीने पुसत होते आणि तो येतच होता. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं. बाबांनी आरशातून बघणं सोडून दिलं होतं. नागोठण्याच्या पुढे प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं, तो आवाज पायाखालून थेट दातांपर्यंत यायचा. बाबा एकाही ठिकाणी थांबले नाहीत.

वडखळच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. ट्रक, एसट्या, मध्येच घुसलेले टेम्पो. बाबांनी हॉर्न धरून ठेवला, पण पुढे हलायला जागाच नव्हती. मग ते दार उघडं टाकून उतरले आणि पुढे पळाले. एकेका ट्रकच्या दारावर हात मारून हात जोडताना ते मला समोरच्या काचेतून दिसत होते. माझे बाबा कुणापुढे हात जोडणारे नव्हते. एक ड्रायव्हर खाली उतरला आणि मध्ये उभा राहून गाड्यांना बाजूला घ्यायला लागला. इंचाइंचाने फट पडायला लागली.

तेव्हा काका म्हणाले, "ज्योते, काच खाली कर."

काच खालीच होती. पूर्ण खाली. बाहेरच्या ट्रकचा धूर आत येत होता. मी म्हटलं, "करते काका," आणि हँडल थोडं वर फिरवून पुन्हा खाली फिरवलं, त्यांना आवाज तरी यावा म्हणून. त्यांनी मान हलवली, बरं वाटल्यासारखी. त्यानंतर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं.

बाबा धापा टाकत परत आले. "सुटला, बाय, सुटला रस्ता," म्हणत आत बसले आणि आरशात बघितलं. त्या ड्रायव्हरने हाताने करून दिलेल्या वाटेतून त्यांनी गाडी काढली आणि पेणच्या दवाखान्यापर्यंत तशीच नेली, तेवढ्याच वेगाने. डॉक्टर गाडीपाशीच आले, आत वाकले आणि पुन्हा सरळ उभे राहिले. बाबांनी तिथून गावी फोन लावला, तेव्हा काकीला गावातल्या कुणीतरी मोटारसायकलवरून तिथेच आणलं. निरोपात फक्त बरं नाही एवढंच होतं. ती काकांसाठी एका पिशवीत घडी केलेला सदरा घेऊन आली होती.

आता वडखळला गावाबाहेरून रस्ता झाला आहे. माझा मुलगा बोलता बोलता तिथून पुढे निघून जातो. मी त्याला जागा दाखवत नाही.

त्यानंतर गाडी विहिरीजवळ ताडपत्रीखाली उभी राहिली. आईने मागची सीट एकटीने धुतली, कुणाला हात लावू दिला नाही. बाबा बसने कामाला जायला लागले. चाळीतले म्हणायला लागले की विकून टाका, गेलेल्या माणसाची गाडी दारात नको. पेणहून एक शिक्षक बघायला आले. त्यांना गाडी पसंत पडली, चक्कर मारून आले, बायकोला मागे बसवून बघितलं. चहा पिताना बाबा म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. या गाडीत माझा मित्र वारला. मागे." त्या बाई कप ठेवून उठल्या. पुढे आणखी एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही बाबांनी तेच सांगितलं.

"तुम्हाला विकायचीच नाहीये," आई म्हणाली.

"न सांगता कशी विकू?"

"मग ताडपत्री तरी काढा. मढ्यासारखी झाकून ठेवलीय."

बाबांनी ताडपत्री काढली, पण गाडीत बसले नाहीत.

थंडीच्या सुरुवातीला कंपनीचे कामगार अधिकारी आमच्या घरी आले. सभ्य, गोड बोलणारे. आईने केलेले पोहे त्यांनी मागून घेऊन खाल्ले. काकांच्या मृत्यूची चौकशी अलिबागला सरकारी साहेबांपुढे होणार होती. अधिकारी म्हणाले की ठाकूर, म्हणजे आमचे काशीकाका, चांगला माणूस होता, पण बिड्या ओढायचा, छाती आधीपासूनच कमकुवत असणार. वायू सुटला तेव्हा तो जागेवर नव्हताच, असं नोंदीवरून दिसतं. स्वतःच्या पायाने घरी गेला, चहा प्यायला. "तुम्ही खरं तेच सांगा. तो चालत आला, बोलत होता, हेही खरंच आहे ना? तेवढं सांगितलं तरी पुरे." मग माझ्याकडे बघून ते हसले. "आणि मुलीला कशाला त्या भानगडीत ओढायचं? लहान आहे ती."

बाबा जमिनीकडे बघत बसले होते. त्यांची नोकरीची बरीच वर्षं उरली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "लहान असती तर तिने त्यांना शेवटपर्यंत धरून ठेवलं नसतं. ती येईल."

अधिकारी गेल्यावर बाबा म्हणाले, "मला गोदामात टाकतील."

"टाकू देत," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

चौकशीच्या दिवशी सकाळी हिराकाकी तयार होऊन ओट्यावर आली. त्या दिवसांत ती आमच्याशी फारशी बोलत नसे. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाजही येत नसे, तिथे कुणी राहतं असं वाटू नये इतकं शांत असे. बाबा म्हणाले, "वहिनी, मी एक जीप सांगितलीय."

"जीप कशाला? ही हाय ना."

"वहिनी, ही नको."

"का नको, भाऊ? त्यांना चालली, मला नाय चालत?" एवढं बोलून ती गाडीपाशी गेली आणि दाराशी उभी राहिली. बाबांनी आतून किल्ली आणली. गाडी इतक्या दिवसांनी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. काकीने मला विचारलं, "ते कुठं बसलेले?" मी हात दाखवला. ती तिथे जाऊन बसली आणि मी तिच्या शेजारी, त्या दिवशी बसले होते तिथेच.

खिंड उतरेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग तोंड तसंच बाहेर ठेवून म्हणाली, "काय बोलले ते?"

बाबांचे खांदे ताठ झाले. मी इतके दिवस या प्रश्नाला घाबरत होते. तिचं नाव घेतलं असं सांगावं, हे माझ्या मनात अनेकदा येऊन गेलं होतं. पण ती अशी शांत बसली होती की मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "काच खाली करायला सांगितली, काकी."

"केलीस ना?"

"उघडीच होती. सगळी उघडी होती."

ती पदराने तोंड झाकून थोडा वेळ बसली. नंतर पदर खाली घेऊन तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "हे तिथं सांग. जसं मला सांगितलंस तसंच. रडू नको, नायतर त्यांना वाटंल पोरगी काय बी बोलते."

कार्यालयात पंखा कुरकुरत होता. बाबांनी आधी सांगितलं. काका ओट्यावर बसून काय बोलले ते, मास्क एकच होता ते, दूध पाजून घरी पाठवलं ते, आणि रोह्याच्या डॉक्टरांनी काय म्हटलं ते. समोर त्यांचे स्वतःचे अधिकारी बसले होते. बाबांचा आवाज बारीक होता, पण त्यांनी काही गाळलं नाही. मग कंपनीचे वकील मला म्हणाले, "म्हणजे ते गाडीत बोलत होते? शुद्धीवर होते? थट्टामस्करीही केली?"

"सुरुवातीला केली."

"शेवटपर्यंत बोलत होते?"

"हो."

"ज्या माणसाच्या छातीत वायू गेलाय तो वडखळपर्यंत गप्पा मारतो, हे तुम्हाला पटतं?"

साहेब इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी मान वर केली. "शेवटी काय बोलले?"

मी सांगितलं. काच खाली कर म्हणाले, काच उघडीच होती, मी नुसतंच हँडल फिरवलं, आणि त्यांनी मान हलवली. मी रडले नाही. वकील काही विचारायला उठले होते ते पुन्हा खाली बसले. साहेबांनी लिहून घेणाऱ्याला म्हटलं, "मुलगी बोलली तसंच्या तसं लिहा. एक शब्द बदलू नका."

निकाल लागायला फार काळ गेला. तो काकीच्या बाजूने लागला, पण तोवर ती रोहा सोडून खाडीकाठी भावाकडे राहायला गेली होती आणि तिला त्याचं सुखदुःख उरलं नव्हतं. बाबांना गोदामात टाकलं ते निवृत्तीपर्यंत. तिथे त्यांच्याशी बोलायचं नाही असं काहींना सांगितलेलं होतं, काहींनी न सांगताच बोलणं सोडलं. धाटावला त्यानंतरही तसे तुटक भोंगे मी ऐकले आहेत. गाडी बाबांनी शेवटपर्यंत वापरली. ती मोडीत गेली तेव्हा मी माहेरी नव्हते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीचं. अलिबागहून निघालो तेव्हा उन्हं कलली होती. पोयनाडच्या पुढे काकीचं डोकं मागे टेकलं आणि ती झोपली. काका गेल्यापासून ती झोपत नाही, हे आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं. बाबांनी ते आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला. मागची वाहनं हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे जात होती. ते कडेकडेने, खड्डा चुकवत, एखाद्या भरलेल्या घागरीसारखी गाडी नेत होते. प्रत्येक गतिरोधकावर जवळजवळ थांबून, एकेक चाक अलगद चढवत आणि उतरवत. वडखळ आलं आणि गेलं, तिला कळलं नाही.

आम्ही चाळीत पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ती लहान गाडी इंजिन बंद करताना एक हिसका द्यायची, म्हणून बाबांनी ते बंदच केलं नाही. मी उतरायला गेले तर हातानेच थांब म्हणाले. आवाज ऐकून आई बाहेर आली, काय झालं असं तिने लांबूनच हाताने विचारलं. बाबांनी मान हलवली. मग आईने बघितलं की काकीचं डोकं एका बाजूला कलतंय. ती गाडीपाशी आली, उघड्या काचेतून तिने हात आत घातला आणि काकीच्या गालाखाली धरला. शेजारचे दारात येऊन बघत होते. इंजिन चालू होतं, आई हात धरून तशीच उभी होती, आणि आम्ही दोघं आत बसून राहिलो, तिची ती झोप आपोआप पुरी होईपर्यंत.